इंग्लंडमधला तो वाडा घ्यावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याचे मामा असोत की शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा, कुणी ना कुणी मला अधूनमधून एक जाहिरात पाठवतंच. वरून काढलेला फोटो असतो. पिवळसर दगडाचं भलंमोठं व्हिक्टोरियन घर, छपरावर धुराड्यांची रांग, समोर तळं, मागे जंगल, शे-दीडशे एकर जमीन, कडेला तबेला आणि दोन-तीन छोटी घरं. खाली लिहिलेलं असतं की घराचा संपूर्ण जीर्णोद्धार झालेला आहे. आणि मग प्रश्न येतो, ‘अगं, एवढं सगळं मुंबईतल्या एका भारी फ्लॅटच्या पैशात? मग लोक उड्या का मारत नाहीत? चौघांनी मिळून घेतलं तर?’

मी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. ही घरं मला मनापासून आवडतात, आणि ती टिकावीत म्हणूनच एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी किमतीचं. अशा घराची किंमत कमी वाटते, कारण ते घर स्वतःच्या जिवावर कधीच चाललेलं नाही. अगदी बांधलं तेव्हाही नाही. ब्रिस्टलजवळचं टिंट्सफील्ड घ्या. विल्यम गिब्जने 1843 साली ते विकत घेतलं आणि 1863 ते 1865 या काळात जॉन नॉर्टन या वास्तुविशारदाकडून त्याचा पार कायापालट करून घेतला. कळस, मनोरे, टोकदार कमानी, सगळं गॉथिक. पैसा कुठून आला? ग्वानोतून, म्हणजे पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर साठलेल्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून. ते खत युरोपात विकण्याचा मक्ता गिब्जच्या पेढीकडे होता. तिकडे ते खणायला चिनी मजूर करारावर नेलेले, आणि त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. टिंट्सफील्डचं कोरीव लाकूडकाम बघताना मला ती बेटं आठवल्याशिवाय राहत नाहीत. उत्तरेकडे नॉर्थम्बरलंडमधलं क्रॅगसाइड उभं राहिलं ते विल्यम आर्मस्ट्राँगच्या तोफा आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेन यांच्या पैशावर. जलविद्युतेवर दिवे लागलेलं जगातलं पहिलं घर म्हणून ते ओळखलं जातं.

म्हणजे घर खेड्यात, पण पैसा बाहेरचा. ज्यांनी फक्त जमिनीच्या खंडावर भिस्त ठेवली, त्यांची 1870 नंतर वाट लागली. अमेरिकेचं स्वस्त धान्य बंदरात उतरू लागलं, शेतीचे भाव पडले, खंड घटला. 1894 साली मृत्यूनंतरचा मालमत्ता कर आला आणि पुढे तो वाढतच गेला. पहिल्या महायुद्धात काही घराण्यांचे वारस एकामागोमाग एक गेले, म्हणजे कर पुन्हा पुन्हा भरायची वेळ आली. दुसऱ्या युद्धात सैन्याने घरं ताब्यात घेतली आणि परत केली तेव्हा ती खिळखिळी झालेली. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अशी हजाराहून अधिक घरं पाडली गेली. जी उरली ती नशीबवान, आणि त्यांतलीच एखादी तुमच्या फोनवर येते.

आपल्या ओळखीचंही एक उदाहरण आहे. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. त्यानेच नॉटिंगहॅमशरमध्ये केलम हॉल बांधला, जुनं घर 1857 साली जळाल्यावर. लाल विटा, टोकदार कमानी, कुठल्याच दोन बाजू सारख्या नाहीत. फोर्टात वावरलेल्या माणसाला तिथे गेल्यावर परकं वाटणार नाही. पण त्या घराचा खर्च मालकाला झेपला नाही. 1903 साली तिथे एक ख्रिस्ती धर्मसंस्था राहायला आली, पुढे नगरपालिकेची कचेरी झाली. सफोकमधलं एल्व्हडन हे घर तर 1863 पासून पंजाबचे शेवटचे शीख राजे महाराजा दुलीपसिंग यांचं होतं. टिंट्सफील्डच्याच जॉन नॉर्टनकडून त्यांनी ते नव्याने बांधून घेतलं आणि आतल्या भिंतींवर मुघल धाटणीचं नक्षीकाम करवलं. ते गेल्यावर वर्षभरात इस्टेट गिनेस घराण्याकडे गेली. मद्याचा पैसा होता, म्हणून घर टिकलं.

आता जाहिरातीतल्या त्या ‘जीर्णोद्धार केलेलं’ या शब्दांकडे येते, कारण माझं काम तिथे सुरू होतं. माहितीपत्रकात नवं स्वयंपाकघर दिसतं, संगमरवरी न्हाणीघरं दिसतात, बिलियर्डच्या खोलीचं होम थिएटर झालेलं दिसतं. मला यांतलं काहीही बघायचं नसतं. मला छपरावर जायचं असतं.

व्हिक्टोरियन माणसाला साधं छप्पर आवडत नव्हतं. त्याला त्रिकोणी दर्शनी भिंती हव्यात, बुरूज हवा, छपरातून डोकावणाऱ्या खिडक्या हव्यात. अशी दोन छपरं जिथे भेटतात तिथे पन्हळ येते, आणि ती बहुतेकदा शिशाच्या पत्र्याची असते. शिसं उन्हात पसरतं आणि थंडीत आकसतं. म्हणून पत्रे आखूड घ्यायचे आणि पायऱ्या-पायऱ्यांनी बसवायचे, म्हणजे प्रत्येकाला हलायला जागा मिळते. मजुरी वाचवायला कुणी लांबच लांब पत्रा टाकला, की काही वर्षांनी त्याला आडवी चीर जाते. चीर केसाएवढी असते, खालून दिसत नाही. पाणी आत शिरतं, तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तिथे मुरतं, आणि पुढची कित्येक वर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. पन्हळ दगडी कठड्यामागे लपलेली असेल तर आणखीच वाईट. शरद ऋतूत ओकची पानं तिच्यात साचतात, तोंड तुंबतं, आणि साठलेलं पाणी उलट्या दिशेने घरात उतरतं.

या ओलीतूनच इथली सगळ्यांत भयंकर बुरशी येते. लोक तिला ड्राय रॉट म्हणतात. लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात, हातात घेतले तर भुगा. तिचे राखाडी तंतू विटांच्या भिंतीतून पलीकडे जातात आणि दुसऱ्या खोलीतलं लाकूड गाठतात. बंद खोलीचं दार उघडल्यावर अळंब्यांसारखा वास आला, किंवा जमिनीवर गंजाच्या रंगाची बारीक धूळ दिसली, तर तिथेच थांबायचं आणि फळ्या उचलून बघायच्या. वरून नवा रंग कितीही सुंदर असो.

आणखी एक गोष्ट कुणालाही बघता येईल. बिडाचे पावसाचे पाइप भिंतीला खेटून उभे असतात. पुढून चकचकीत काळे रंगवलेले. त्यांच्या मागे हात घालायचा. मागच्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, त्यामुळे पाइप तिथेच गंजतो आणि फाटतो. मागची भिंत हिरवी आणि ओलसर लागली, तर जीर्णोद्धार फोटोपुरता झालाय असं समजायला हरकत नाही.

तिसरी खूण विटांच्या दरजांमध्ये. ही घरं चुन्यात बांधलेली आहेत. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो. मधल्या काळात घाईने सिमेंटने दरजा भरल्या गेल्या. मग ओल विटेतूनच बाहेर पडू लागते, थंडीत तिचं बर्फ होतं, आणि विटेचा पुढचा पापुद्रा सुटून पडतो. दरज जशीच्या तशी, वीट मात्र आत गेलेली. पुण्या-नाशिकच्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करून आपण हेच केलं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. ज्या घरात सिमेंट हलक्या हाताने खरवडून पुन्हा चुना भरलेला दिसतो, तिथे मालकाने आणि गवंड्याने जीव ओतलेला असतो. असं घर बघितलं की मला त्या अनोळखी माणसांना भेटावंसं वाटतं.

समजा, हे सगळं ठाकठीक आहे. मग कायदा. अशी घरं बहुधा संरक्षित यादीत असतात, महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने ग्रेड वन, ग्रेड टू स्टार किंवा ग्रेड टू. घराचं स्वरूप बदलेल असं काहीही, आतलं असो वा बाहेरचं, परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आवारातल्या 1948 पूर्वीच्या भिंती आणि इमारतीही सहसा त्यात येतात. छपरात वटवाघळं असली, आणि ती असतातच, तर त्यांना 1981 च्या कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लांच्या मोसमात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, म्हणजे छपराचं काम करायला जेव्हा हवा चांगली असते तेव्हाच, तुम्हाला थांबावं लागतं. मला हा नियम योग्य वाटतो. ती तिथे आपल्याआधीपासून राहतायत. पण वेळापत्रकात आणि पैशात त्याची तरतूद हवी. दुरुस्तीवर 20 टक्के व्हॅट लागतो तो वेगळाच.

मामांना मी हिशोब करून दाखवला होता. घर 40 लाख पौंडांचं धरा. तुम्ही भारतात राहता आणि तुमचं आधीच एक घर आहे, म्हणजे मूळ स्टँप ड्युटीवर दुसऱ्या घराचे 5 टक्के आणि परदेशस्थाचे 2 टक्के जास्तीचे. आजच्या दराने एकूण पावणेसात लाख पौंडांच्या आसपास जातात. जमिनीचा काही भाग खरोखर शेतकऱ्याला कसायला दिलेला असेल, तर संपूर्ण इस्टेट मिश्र वापराची धरली जाते आणि कर दोन लाखांच्या आत येतो. पण नुसती हिरवळ आणि घोड्यांचं कुरण दाखवून हे जमत नाही, कर खातं ते खोडून काढतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतातून माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरच बाहेर पाठवता येतात. चौघांनी मिळून घ्यायचं म्हटलं तरी किती वर्षं लागतील ते तुम्हीच बघा. मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘आणि हीटिंग?’ बरोबर विचारलं. खेड्यात गॅसची लाइन बहुतेक नसते. तेलाची टाकी असते, आणि ती हिवाळ्यात भराभर रिकामी होते.

मग अशी घरं कुणी घ्यावीत? माझं मत मेंटमोरच्या गोष्टीने बनलं. बकिंगहॅमशरमधलं हे घर रॉथ्सचाइल्ड या सावकारी घराण्यातल्या एकासाठी जोसेफ पॅक्स्टनने 1850 च्या दशकात बांधलं. हा पॅक्स्टन म्हणजे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा, म्हणजे त्या प्रसिद्ध काचेच्या प्रदर्शनगृहाचा कर्ता. 1974 साली घराचे तेव्हाचे मालक लॉर्ड रोजबेरी वारले. वारसांनी घर आतल्या अमूल्य वस्तूंसकट सरकारला 20 लाख पौंडांत देऊ केलं. सरकारने नको म्हटलं. 1977 साली वस्तूंचा लिलाव झाला आणि नुसत्या वस्तूंचेच 60 लाखांहून जास्त आले. एक चित्र तर दुसऱ्याच चित्रकाराचं समजून 8,000 पौंडांना गेलं. ते फ्रागोनार या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं निघालं आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाला त्यासाठी 4,95,000 मोजावे लागले. रिकामं घर 1978 साली 2,40,000 पौंडांत महर्षी महेश योगींच्या संस्थेने घेतलं. नंतर ते आणखी एकाकडे गेलं, हॉटेलची योजना रखडली, घराची रया गेली.

देशाला त्या लिलावाची लाज वाटली. त्यातूनच 1980 साली राष्ट्रीय वारसा निधी उभा राहिला. आणि 2001 साली टिंट्सफील्डचे अविवाहित मालक वारले, घर विक्रीला निघालं, तेव्हा याच निधीने 1 कोटी 74 लाख पौंड दिले. लोकांनी काही महिन्यांत 80 लाखांवर जमवले आणि 2002 साली जुनी घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने घर घेतलं. दुरुस्ती चालू असतानाच लोकांना आत सोडलं. शिसं कसं बसवतात, गिलावा कसा भरतात हे शाळेतली पोरं उभी राहून बघत होती.

प्रत्येक घराला असा ट्रस्ट मिळणार नाही, ट्रस्टलाही परवडणार नाही. म्हणून मला किट मार्टिन यांचा मार्ग सगळ्यांत पटतो. 1970 च्या दशकापासून त्यांनी मोडकळीला आलेली मोठी घरं घेतली आणि त्यांची उभी विभागणी केली. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं दार, स्वतःचा जिना, खालपासून वरपर्यंतच्या खोल्या. मुख्य दालनं शक्यतो अखंड ठेवायची, बाग आणि कुरण सगळ्यांचं मिळून. छपराचा खर्च अनेक कुटुंबांत वाटला जातो, आणि घरात पोरांचा आवाज असतो.

तेव्हा मामा, त्या संपूर्ण घराचा नाद सोडा. अशाच एखाद्या घराचा एक भाग किंवा फाटकापाशी असलेलं रखवालदाराचं छोटं घर विक्रीला येतं का ते बघा. बघायला मेमध्ये, फुलं असताना येऊ नका. नोव्हेंबरात, पाऊस पडत असताना या. विकणाऱ्याकडे छपराच्या दुरुस्तीची बिलं मागा आणि गवंड्याचा फोन नंबर मागा. मी सोबत येईन, शिडी मी आणते.