कळस तिरका आलाय

सकाळपासून मागाचा धोटा हातात. दुपारी काका आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "पुण्यातली नोकरी सोडून हातमाग? अरे, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागसुद्धा भंगारात निघालेत, आणि तू!"

खोटं नाही ते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तेच नाव लावून बाहेरचा माल खपतो.

अम्मा काही बोलली नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही घालून ताट पुढे सरकवलं. (पंखा लावला नाही, सूत उडतं. घामाचं काय, सवय झाली.)

संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिराचं पहिलं वॉल हँगिंग मागावरून उतरवलं. कळस जरा तिरका आलाय. दिवेलागणीला काका पुन्हा डोकावले, चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"केवढ्याला देणार?"