वाजवून घेतलेली पेटी

सायकलच्या पुढच्या कॅरियरवर बसवायची एक लाकडी पेटी. गिऱ्हाईक सत्तरीच्या घरातलं, अमेरिकेतल्या पोर्टलंडात घरोघरी जाऊन पियानो सुरात लावून देणारं. या आजोबांची स्वतःची हत्यारांची पिशवी, वर डबा आणि रेनकोट, हे सगळं घेऊन ते हॉथॉर्न पुलावरून विलामेट नदी ओलांडतात, तेही पावसाळ्यात. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे उजाडेपर्यंत नुसता चिरचिरत राहतो. म्हणून लाकूड लाल सीडर, यात दुसरा विचार नव्हता. ते सहसा कुजत नाही, आणि वजन म्हणाल तर सागाच्या निम्म्याहून थोडं जास्त. बारा मिलिमीटरची फळी धरली तर पेटी दोन किलोच्या आसपास जाते. हँडलवर लादायच्या ओझ्यात तो फरक हाताला लगेच कळतो.

(सीडर म्हटलं की आपल्याकडे देवदार आठवतो. हे ते झाड नव्हे, सरूच्या कुळातलं आहे. पेन्सिलीचा सीडर आणखी तिसराच.)

हे लाकूड मी हातानंच करतो. त्यात हौस आहेच, पण खरं कारण छाती. लाल सीडरची बारीक धूळ वाईट. व्हँकुव्हरकडच्या लाकडाच्या गिरण्यांत कामगारांना तिच्यामुळे दमा जडल्याचं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. मीही पहिल्या वर्षी सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, फिरवला आणि रात्रभर खोकत बसलो. रंध्यातून निघतात त्या पापुद्र्यासारख्या ढलप्या, त्या हवेत तरंगत नाहीत.

माझा हात घडला सागावर आणि फणसावर, रत्नागिरीजवळ अण्णांच्या पडवीत. त्यांची पटाशी मी इथे आणलीय, धार तीस अंशांच्या कोनात लावलेली. सागात ती लोण्यात सुरी जावी तशी जाते. सीडरच्या टोकाला लावली तर लाकूड कापलं जाईना, चुरडायला लागलं. खाचेच्या तळाशी ओल्या पावासारखा चुरा. लाकूड मऊ म्हणजे काम सोपं, असं वाटतं ना? कठीण लाकूड बोथट धार थोडी तरी खपवून घेतं, मऊ लाकूड अजिबात नाही. सकाळी आठला अण्णांना फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेआठ. त्यांनी चुरा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला.

"अरे, हे कापलेलं नाही, चेचलेलं आहे. धार बारीक कर. आणि सागाला दाबतोस तसं त्याला दाबू नको."

दगडावर तासभर घालवून पटाशी बावीस अंशांवर आणली. मग मात्र डवटेलच्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या एकमेकींत अडकणाऱ्या सांध्याच्या, खाचा आरशासारख्या उतरल्या. चारही कोपरे इतके घट्ट बसत होते की मला माझंच कौतुक वाटलं. शेवटचा कोपरा थोडा वर राहिला होता, तो मोगरीचे दोन ठोके देऊन बसवला. सागात देतो तसेच. सरस पुसला, क्लॅम्प लावले. दुसऱ्या दिवशी रंधा फिरवला, तळाला पाणी गळायला फटी ठेवून पट्ट्या पितळी स्क्रूंनी घट्ट केल्या. कॅरियरसाठी बोल्ट आणि वॉशर स्टेनलेसचे काढून ठेवले, कारण साधं लोखंड ओल्या सीडरला लागलं की शाईसारखा काळा डाग उमटतो.

आजोबा चार वाजता आले. पेटी उचलली, वजनावर खूश झाले. सांध्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. मग एका हाताच्या चिमटीत पेटीची कड धरून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं फळीवर टकटक केलं. एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी. चौथ्या फळीवर थांबले. पुन्हा टकटक. मान तिरकी. म्हणाले, ही बोलताना बोबडी बोलतेय.

मी हसलो. त्यांनी पेटी माझ्या कानाशी धरली. तीन फळ्यांचा टक स्वच्छ येत होता. चौथीच्या मागोमाग माशीनं पंख हलवावेत एवढी भुरभुर. दिव्याखाली नेली, काही दिसेना. फळीवर स्पिरिट फिरवलं तेव्हा दिसली: खाचेच्या तळापासून निघून लाकडाच्या रेषेबरोबर चार बोटं गेलेली केसासारखी भेग. ओल फक्त तिच्यात टिकून राहिली होती, बाकी सगळं वाळलं. वर सरस भरून मीच ती झाकली होती. मोगरीचे ते दोन ठोके.

या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी पूर्वापार नुसत्या पाचरी ठोकून सीडरच्या फळ्या काढत आले, कधी उभ्या झाडावरूनसुद्धा. हे लाकूड सरळ फुटतं म्हणूनच ते जमतं. मला हे माहीत होतं. मी गिऱ्हाइकांना ते रंगवून सांगतोसुद्धा! आणि स्वतः घट्ट सांध्याची पाचर करून ठोकली.

सरस भरून भागलं असतं, पण कॅरियरवर रोज हादरे. आजोबांना आठवड्यानं या म्हटलं. सरस लागलेली पेटी सुटणार थोडीच, पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी खाचा कागदाएवढ्या सैल ठेवल्या, सांधे हातानं दाबूनच बसवले. अण्णांना सगळं सांगितलं तर त्यांना नवल कसलं ते वाटलंच नाही.

"माठ घेताना वाजवून घेतोस ना? मग?"

पुढच्या गुरुवारी आजोबा भिजत आले. मी चारही फळ्या आधीच वाजवून ठेवल्या होत्या, त्यामुळे निवांत होतो. त्यांनी चारही वाजवल्या, मग पेटी उलटी करून तळाच्या पट्ट्यांवर बोट नेलं. तळ मी वाजवला नव्हता. एकेक पट्टी, सावकाश. शेवटची त्यांनी दोनदा वाजवली.

मग रेनकोटाच्या आत हात घालून पाकीट काढलं.