तुम्ही विचारलंत म्हणून: थट्टेवरून माणसाला बाहेर का काढता?

सेकंड लाइफ या आभासी जगातलं एक छोटं बेट मी सांभाळते, म्हणजे तिथे मॉडरेटर आहे. हे कळलं की इंदूरचे नातेवाईक हमखास विचारतात, "इंदूरची असून तुला टिंगल सोसत नाही? नुसत्या चेष्टेवरून माणसं हाकलतेस?" रामबागेतला मावसभाऊ तर रंगपंचमीची मिरवणूक, म्हणजे गेर, बघून रंगाने माखून येतो आणि पायरीवरूनच सुरू होतो.

त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. रंगपंचमीच्या तोंडावर इथे बजरबट्टू संमेलन होतं, त्यात भले भले पुढारी सोंगं घेऊन मिरवतात आणि गाव त्यांची यथेच्छ खेचतं. पण ते सोंग पुढाऱ्याने आपण होऊन घेतलेलं असतं! आमच्या बेटावर ज्याची खेचतात तो बहुतेक वेळा नवखा असतो. अवतार, म्हणजे पडद्यावरचं त्याचं रूप, फुकटातला, चालताना भिंतीला धडकणारा, इंग्रजी तोडकंमोडकं. त्यात वेळेचा घोळ. उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे दहा. एकजण ताजातवाना होऊन कोट्या करतोय, दुसरा पेंगतोय.

तक्रार आली की मी काय बोललं गेलं हे नंतर वाचते, आधी अंतर बघते. तिथे लिहिलेलं साधं बोलणं 20 मीटरपर्यंत पोचतं, कुजबुजलात तर 10, ओरडलात तर 100. म्हणजे चेष्टा दोघांत होती की अख्ख्या चौकाला ऐकवायची होती, ते लगेच कळतं. आणि मुख्य म्हणजे समोरचा उठून लांब गेल्यावर हा मागे गेला का? गेला असेल, तर विनोद कितीही फर्मास असो, मी त्याला बाहेर काढते.

मग पुढचा प्रश्न येतो, "कंपनी काय करते?" सेकंड लाइफ चालवणारी लिंडन लॅब गंभीर तक्रारी बघते. पण रहिवाशांची आपापसातली भांडणं सहसा ज्याची जमीन त्यानेच निस्तरायची. हाकलायचे आणि बंदी घालायचे अधिकार त्याच्याकडे असतात. न्याय जमिनीच्या मालकीवर चालावा हे मलाही पटत नाही. पण सगळ्यांनी मिळून न्याय करायचा प्रयोगही होऊन गेलाय. पावेल कर्टिसने झेरॉक्स कंपनीच्या PARC या संशोधन केंद्रात 1990 साली लॅम्डामू हे आभासी जग उभं केलं. तिथे चित्रं नव्हती, सगळं जग नुसत्या मजकुराचं. चालवणाऱ्यांना विझर्ड म्हणत. लोकांच्या भांडणात आपण पडणार नाही, असं त्यांनी 1992 मध्ये जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मिस्टर बंगल नावाच्या एका पात्राने छोट्याशा प्रोग्रामच्या जोरावर इतरांच्या तोंडी आणि अंगी किळसवाणे प्रकार घातले. लोकांनी खूप खल केला, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डने आपल्याच मनाने त्याला काढून टाकलं. मग अर्ज आले, मतदान आलं. आणि 1996 मध्ये विझर्डांनी सूत्रं परत हातात घेतली. हे सगळं मावसभावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच की!"

खरा ताप होतो तो काढल्यानंतर. आमच्याकडे एक फारच हजरजबाबी गडी होता, मीही त्याच्यावर हसायचे. एका बाईने माईक सुरू केला, तर हा तिच्या उच्चारांची नक्कल लिहायला लागला. ती धक्क्याच्या टोकाला गेली, हा तिथे टेलिपोर्ट होऊन हजर. मी त्याला काही दिवसांसाठी काढलं आणि कारण एका ओळीत त्यालाच कळवलं, गटात नाही. तरी गटात दोन तट पडले. कोणी जुन्या गप्पांचे लॉग, म्हणजे साठवलेल्या नोंदी, फिरवू लागलं, आणि तेही संमतीशिवाय, म्हणजे नियमाविरुद्धच. त्यात हमखास येणारा सल्ला, "तिने कॉम्प्युटर बंद करायचा होता."

तिचं तिथे कपड्यांचं दुकान आहे, लिंडन डॉलर या तिथल्या चलनात भाडं भरते ती. तिने का जायचं?

तो गडी परत आलाय आणि खेचतोही तशीच, माझीसुद्धा. तिच्या दुकानात मात्र त्याला अजून बंदी आहे. ती तिने स्वतः घातलीय, त्यामुळे ती उठवा म्हणून मला मेसेज करण्यात अर्थ नाही.