अलॉटमेंटवर यंदा कुठलं बेणं?

जानेवारी संपत आला की गार्डन सेंटरमध्ये बटाट्याच्या बेण्याच्या जाळीदार पिशव्या यायला लागतात आणि माझा तिथे अर्धा तास सहज जातो. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा; इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेला आमचा प्लॉट अर्धाच, म्हणजे साधारण १२५ चौरस मीटर, त्यात बटाट्याच्या वाट्याला चार सऱ्या, त्यामुळे जात नीट विचार करूनच निवडावी लागते.

पहिल्या वर्षी मी फक्त वड्यांचा विचार केला. किंग एडवर्ड ही १९०२ पासूनची जुनी जात, उकडल्यावर मस्त भुसभुशीत होते, म्हणून तीन सऱ्या तीच लावली. पण ती मेनक्रॉप, म्हणजे उशिरा तयार होणारी, जमिनीत चार-साडेचार महिने राहणार. जुलैच्या शेवटी आठवडाभर दमट हवा आणि भुरभुर पाऊस, पानांवर तपकिरी डाग, पान उलटलं तर पांढुरकी बुरशी, आणि बघता बघता सगळी सरी काळी. मामांकडे मंचरला ज्याला करपा म्हणतात तोच हा, १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये पीक गेलं तेही ह्याच रोगाने. पाला लगेच कापला, दोन आठवडे थांबून बटाटे काढले, तरी अर्धे पोत्यात सडले. खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच, करपा यायच्या आधी हा बटाटा घरात येईल का, आणि नसेल तर तो करप्यात टिकेल का?

शार्लट ही जात सेकंड अर्ली, म्हणजे मेनक्रॉपच्या आधी निघणारी आहे. एप्रिलच्या सुरुवातीला लावली की जुलैच्या मध्यापर्यंत काढून होते. बटाटा घट्ट, चिकट, रश्श्यात फोडी अजिबात फुटत नाहीत आणि काचऱ्या तर इतक्या छान होतात की मी दोन सऱ्या तिलाच देते. वड्यांना मात्र नाही चालत, सारण चिकट होतं.

वड्यांसाठी सार्पो मीरा. हंगेरीतल्या सार्वारी कुटुंबाच्या कामातून आलेली जात, करप्याला सहजी दाद देत नाही, शेजारच्या प्लॉटवरचे बटाटे काळे पडले तेव्हा हिचा पाला सप्टेंबरमध्येही हिरवागार होता. फक्त जोरात उकळू नका, विरघळते, सालासकट मंद आचेवर शिजवा. मॅरिस पायपर मलाही आवडतो, पण तो सुपरमार्केटमध्ये बारा महिने मिळतो, मग त्याला जागा कशाला द्यायची?

आणि दुकानातले खायचे बटाटे बेणं म्हणून लावू नका प्लीज. मामा पंजाबचं बेणं आणतात तसं इथे बरंचसं स्कॉटलंडचं येतं, तिथल्या थंड वाऱ्यात मावा, म्हणजे व्हायरस पसरवणारे बारीक किडे, कमी म्हणून व्हायरसही कमी, त्यामुळे पैसे वसूल होतात.

शार्लट आजच अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीत ठेवली, कोंब यायला. चौथ्या सरीत फर्स्ट अर्ली, म्हणजे सगळ्यात लवकर निघणारी जात लावायचीय, रॉकेट की ड्यूक ऑफ यॉर्क ते ठरत नाहीये. रॉकेट लवकर निघते पण चवीला मला जरा पाणचट लागली. ड्यूक ऑफ यॉर्कची उपासाची भाजी कुणी केली असेल तर कशी झाली ते नक्की सांगा, शनिवारी बेणं घ्यायला जायचंय.