लग्नाची वाट कशाला बघायची?

आज डहाणूत बालसाहित्य लिहिणारी मैत्रीण, एक वारली चित्रकार काका आणि जिल्हा परिषद शाळेतल्या बाई, अशा तिघांशी मनसोक्त गप्पा झाल्या. विषय एकच: रोजच्या जगण्यात सर्जनशील कसं राहायचं?

काका बोलता बोलता काम करत होते. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलेलं, वाटीत तांदळाच्या पिठाचं पांढरं, समोर गेरू लावलेलं कापड. पूर्वी ही चित्रं मुख्यतः लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर, 'चौक' म्हणून, तीही बायकाच काढायच्या. १९७०च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे ती रोज काढू लागले. "लग्नाची वाट कशाला बघायची?" काका म्हणाले. फार पटलं. आपण सगळे सवडीची वाट बघत बसतो.

मग बाईंनी डहाणू तालुक्यातल्याच कोसबाड गावचा विषय काढला. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणावर शाळा भरवली. याहून मोठी कल्पकता कुठली!

मैत्रीण मात्र अडून बसली, पोटापाण्याचं काय? तिचंही खरं आहे. मानधनासाठी खेटे घालणारे कितीतरी लेखक मी पाहिलेत. त्यावर अंधार पडेपर्यंत बोललो. उद्या आम्ही चौघं बाईंच्या वर्गातल्या मुलांबरोबर शाळेची भिंत रंगवणार आहोत.