तुम्ही विचारलंत म्हणून : गोळी चालवली का?

"साहेब, गोळी घातली का कोनाले?" दारव्ह्याचा बाजार असो की लग्नाची पंगत, प्रश्न ठरलेला. पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर पळणारी भरतीची पोरं तर आणखी पुढे जातात. "लढते जवान, कारभार पाहते सुभेदार, मंग लेफ्टनंट काय करते जी?"

आजवर टाळलं. आता सांगतो.

दहा-दहाच्या तीन सेक्शन मिळून प्लॅटून. बहुतेक प्लॅटून सुभेदार, नायब सुभेदारच चालवतात, हे पोरांचं म्हणणं खरं आहे. चेन्नईच्या अकादमीतले 49 आठवडे संपवून मी रुजू झालो, लेफ्टनंट म्हणून, तेव्हा माझ्या सुभेदार साहेबांची नोकरी माझ्या वयाएवढी झाली होती. मी त्यांना 'साहब' म्हणायचो, तेही मला 'साहब'च. रेशन, रजा, कोणाच्या घरी काय चाललंय, सगळं त्यांना माझ्याआधी कळायचं. गस्तीहून परतल्यावर सगळ्यांचे बूट काढायला लावून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात का, ते टॉर्च मारून बघणं मात्र मी कोणावर सोडलं नाही. हेही लेफ्टनंटचंच काम.

आता ती रात्र. नियंत्रण रेषेजवळ नाल्याकाठी अ‍ॅम्बुश लावून, म्हणजे दबा धरून पडलो होतो, वरून पाऊस. बोलायचं नाही म्हणून सगळ्यांच्या मनगटांना एकच दोरी. पहिली गोळी कमांडरची, म्हणजे माझी. ती सुटेपर्यंत कोणीच चालवायची नाही. दोरीला दोन झटके बसले. पलीकडे दोन आकृत्या, एकीच्या खांद्यावर लांबट काहीतरी. बंदूक असेल, काठीही असेल. त्या डोंगरांत बकरवाल, म्हणजे भटके मेंढपाळ फिरतात. सुभेदार साहेबांचं कोपर बरगडीत लागलं, मारा म्हणून. माझं बोट ट्रिगरवर गेलं नाही. आकृत्या झाडीत शिरल्या. सकाळपर्यंत पावसानं माग धुऊन नेला.

कंपनी कमांडरांनी विचारलं तेव्हा सुभेदार साहेब सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "साहब का फैसला था." ही पाठराखण होती की हात झटकणं, मला तेव्हाही कळलं नाही.

गावात सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे रात्री शेत राखायच्या जागलीसारखंच. नाही हो! जागलीवर डुक्कर आलं की डबा वाजवता येतो, आरोळी देता येते. तिथे एकतर डझनभर बंदुका एकदम सुटतात, नाहीतर काहीच नाही. ते एकट्यानं ठरवायचं, आणि ठरवणारा तिथे वयानं सगळ्यांत लहान असू शकतो. लेफ्टनंट हे करतो.

ओळख पटल्याशिवाय गोळी नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण ते घुसखोर असतील, तर पुढे कोणाच्या दारात गेले असतील? तेव्हाचा मी म्हणायचो, माणसं वाचवली. आजचा मी विचारतो, कोणती? त्याला उत्तर देता येत नाही, आणि त्याच्या जागी मी वेगळं केलं असतं, असंही मला म्हणवत नाही.