पोर्ट हिरवा आहे, मग रोज काय बघता?

टीममध्ये आलेली नवी मुलं हे विचारतात, डेटाबेसवाले विचारतात, आणि कधीकधी मॅनेजरही. “सॅन स्विचचा पोर्ट ऑनलाइन आहे, दिवा हिरवा आहे, तरी रोज सकाळी ते एरर काउंटर कशाला चाळता?” तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. सॅन म्हणजे सर्व्हरना स्टोरेजशी जोडणारं वेगळं जाळं, आणि पोर्ट म्हणजे त्याच्या स्विचवर केबल लागते ती जागा.

पूर्ण मेलेल्या पोर्टची मला फारशी काळजी नसते. सर्व्हरला दोन फॅब्रिकमधून, म्हणजे स्विचच्या दोन स्वतंत्र जाळ्यांमधून, स्टोरेजकडे वाटा असतात. एक गेली की मल्टिपाथ, म्हणजे सर्व्हरवरचा वाटा सांभाळणारा प्रोग्राम, दुसरीवरून काम चालू ठेवतो, अलर्ट येतो, आणि सावकाश जाऊन एसएफपी (पोर्टमध्ये बसणारं, प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) बदलता येतो. घात करतो तो अर्धवट आजारी पोर्ट. लिंक उभी असते, पण अधूनमधून एखादी फ्रेम, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट, खराब होते. फायबर चॅनलचा, म्हणजे सॅनमध्ये वापरतात त्या पद्धतीचा, स्विच अशी फ्रेम पुन्हा पाठवत नाही. मग सर्व्हर उत्तराची वाट बघत राहतो, लिनक्सवर साधारणपणे ३० सेकंद. शेवटी मल्टिपाथ ती वाट बाद करतो. थोड्या वेळाने त्याचीच तपासणी त्या वाटेवरून एक छोटी कमांड पाठवून बघते, ती सुखरूप पोचते, आणि वाट पुन्हा चालू होते. दिवसभर हेच चक्र चालतं. डेटाबेसवाल्यांना मात्र एवढंच दिसतं की क्वेरी मध्येच अडकते आणि आपोआप सुटते. दिवा या सगळ्या वेळात हिरवाच असतो.

एका ठिकाणी महिनाअखेरची बिलिंग अशीच रखडत होती. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर पोर्टएररशो ही एरर काउंटर दाखवणारी कमांड चालवली, तर अनेक पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे खराब फ्रेमची नोंद. इतके पोर्ट एकदम कसे बिघडतील? बिघडले नव्हतेच. हे स्विच कट-थ्रू पद्धतीचे, म्हणजे पूर्ण फ्रेम हाती येण्याआधीच ती पुढे सोडायला सुरुवात करतात. त्यामुळे एका ठिकाणी खराब झालेली फ्रेम पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोजली जाते. खरा गुन्हेगार सापडतो तो ‘सीआरसी जी-ईओएफ’ या रकान्यात. फ्रेम खराब, पण तिचा शेवटचा शिक्का अजून शाबूत, याचा अर्थ ती याच पोर्टवर येताना बिघडली. स्विच तिथेच तो शिक्का बदलतो, म्हणून पुढच्या पोर्टवर हा रकाना वाढत नाही. तिथेही एक लक्षात ठेवायचं: पोर्ट मोजतो ते त्याच्याकडे येणारं. तेव्हा दोष केबलमध्ये, पॅच पॅनेलमध्ये किंवा समोरच्या टोकाच्या एसएफपीमध्येही असू शकतो. आमच्याकडे निघाला तो पॅच पॅनेलच्या कनेक्टरवरचा मळ.

आता आकड्यांबद्दल. काउंटर शेवटचे पुसल्यापासून साठत आलेले असतात, त्यामुळे लाखाचा आकडाही जुना असू शकतो. सर्व्हर रीबूट झाला, लिंक पडून उठली, तरी ‘एन्क आउट’ (फ्रेमबाहेरच्या सिग्नलमधल्या चुकांचा काउंटर) वाढतो. मी बघतो तो कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक. स्थिर असलेले पन्नास हजार मला चालतात, रोज वाढणारे पाच चालत नाहीत.

एकही फ्रेम खराब न होता सगळं मंदावतं, तो प्रकार वेगळा आणि माझ्या मते जास्त वाईट. समोरच्याने बफर मोकळा करून क्रेडिट परत दिल्याशिवाय पोर्टला पुढची फ्रेम पाठवता येत नाही. एखादा सर्व्हर फ्रेम उचलायला हळू असेल, तर त्याच्यासाठीच्या फ्रेम स्विचमध्ये तुंबतात, आणि ते तुंबणं आयएसएलपर्यंत, म्हणजे दोन स्विचना जोडणाऱ्या दुव्यापर्यंत, मागे सरकलं की निर्दोष सर्व्हरही अडकतात. याची खूण सीआरसीत मिळत नाही. ‘टिम टीएक्ससीआरडी झी’ म्हणजे क्रेडिट शून्य असण्याचा काळ, २.५ मायक्रोसेकंदांच्या मापाने मोजलेला. तो झपाट्याने वाढत असेल आणि जोडीला क्लास थ्री डिस्कार्ड, म्हणजे स्विचने टाकून दिलेल्या फ्रेमही वाढत असतील, तर आधी तो सर्व्हर शोधा.

आणि एरर वाढतोय हे नक्की झालं की पोर्ट चालू ठेवू नका. “आत्ता चाललंय ना, शनिवारी बघू” हे मला मान्य नाही. दुसरी वाट धडधाकट आहे हे सर्व्हरवर तपासा आणि पोर्ट स्वतः डिसेबल करा. मग एसएफपीशो या कमांडमध्ये येणारा प्रकाश किती आहे ते दोन्ही टोकांना बघा, कनेक्टर साफ करा, लागलं तर केबल, नंतर एसएफपी बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. काउंटर पुसा, पोर्ट उघडा, आणि बिलिंगसारखा मोठा भार एकदा त्यावरून जाऊ द्या. त्यानंतरही रकाना शून्यावर राहिला तरच तिकीट बंद करा.